नवतपा, मीठ आणि हृदयाचे संप्रेरक

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांत, नागपूरचा पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो: भरपूर पाणी प्या, पन्हे-ताक घ्या, मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवा. धडधाकट माणसासाठी तो अगदी योग्य आहे. ज्याचे हृदय अशक्त झाले आहे, त्याला मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

कारण हृदय रक्त ढकलते, तसे संप्रेरकेही स्रवते. १९८१ मध्ये कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्यांच्या लघवीतून सोडियम आणि पाणी भरभरून बाहेर पडू लागले. त्या अर्कातले संप्रेरक म्हणजे एएनपी. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याच कुळातले बीएनपी सापडले. ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून स्रवते, हे नंतर कळले.

शरीरात पाणी-मीठ वाढले की हृदयाच्या भिंती ताणल्या जातात आणि ही संप्रेरके सुटतात. ती रक्तवाहिन्या सैल करतात, मूत्रपिंडांना मीठ सोडायला लावतात आणि मीठ राखणाऱ्या अल्डोस्टेरॉनला आवर घालतात. घाम गाळून अंगातले पाणी आटले की उलट घडते: हृदयावरचा ताण उतरतो आणि अल्डोस्टेरॉन जोर धरते. उन्हाला सरावलेल्या माणसाचा घाम कमी खारट असतो, तोही अल्डोस्टेरॉनमुळेच.

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे अशक्त हृदयाच्या, रुग्णात ही संप्रेरके वाढलेली असतात, पण मूत्रपिंडे त्यांना पुरेशी दाद देत नाहीत. दम लागलेल्या रुग्णाचे बीएनपी तपासतात ते या वाढीसाठीच. अशा माणसाने खारे पाणी मनमुराद प्यायले, तर ते पायांत आणि फुप्फुसांत साठते. दुसरीकडे त्याला लघवीची गोळी चालू असते. घाम आणि गोळी मिळून त्याचा रक्तदाब कोसळू शकतो. त्याच्यासाठी दोन्हीकडे धोका आहे.

म्हणून होळीच्या सुमारासच अशा रुग्णाने दिवसाचे पाणी, मीठ आणि गोळीचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. गोळी स्वतःहून बंद करू नये. रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले किंवा उभे राहताच चक्कर आली, तर लगेच डॉक्टरांना गाठावे. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत लावल्या जाव्यात. महापालिकेच्या उष्माघाताच्या फलकांवरही हृदयरोग्यांसाठी वेगळी ओळ असायलाच हवी.