रॉकेटचा तुकडा नेमका कुठे पडणार, हे आधी का सांगता येत नाही?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ, साधारण पावणेआठची वेळ. विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या अनेक गावांतून लोकांनी आकाशात जळत जाणारी एक लांबलचक रेघ पाहिली. ज्याच्या हातात मोबाईल होता त्यानं व्हिडिओ काढला. पुढच्या काही मिनिटांत ग्रुपवर उल्कापात, विमान, क्षेपणास्त्र असे सगळे अंदाज फिरून झाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. नंतर आसपासच्या भागात गोळ्याच्या आकाराच्या टाक्याही मिळाल्या. सुदैवानं कुणालाही इजा झाली नाही.

अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असं सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उड्डाण झालेला हा टप्पा त्याच सुमाराला खाली येणं अपेक्षित होतं आणि त्याचा मार्गही जुळत होता.

मग प्रश्न पडतो. तो येणार हे माहीत होतं, तर सिंदेवाहीला कुणी आधी का सांगितलं नाही?

वेळ थोडी चुकली की जागा पार बदलते

उत्तर वेगात आहे. असा टप्पा सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगानं फिरत असतो. सातारा ते सांगली हवाई अंतर सुमारे ११० किलोमीटर. एसटीनं आपले तीनेक तास जातात. हा तुकडा तेच अंतर १५ सेकंदांत कापतो.

आता अंदाजाचं गणित बघू. वस्तू खाली यायला जितका वेळ उरलाय, त्याच्या १० ते २० टक्के चूक धरावीच लागते. २० टक्के धरले तर एक दिवस आधी सांगितलेली वेळ जवळपास पाच तास पुढे-मागे होऊ शकते. तेवढ्यात तो पृथ्वीभोवती तीन चकरा मारतो. बरं, एका चकरेला लागतात साधारण ९० मिनिटं आणि तेवढ्यात खालची पृथ्वीही फिरते. त्यामुळे एका चकरेत सांगलीवरून गेलेला टप्पा पुढच्या चकरेत आपल्या अक्षांशावर सुमारे २,४०० किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे थेट अरबस्तानाकडे असतो.

अगदी शेवटचा एक तास उरला तरी चूक १२ मिनिटांची राहतेच. १२ मिनिटांत तो ५,४०० किलोमीटर जातो. म्हणून "आज रात्री अमुक गावात रॉकेट पडणार" असा मेसेज आला, तर तो खोटा आहे हे डोळे झाकून समजा. नियंत्रणाबाहेर पडणाऱ्या वस्तूबद्दल इतकं नेमकं जगात कुणीच सांगू शकत नाही.

ही चूक येते कुठून?

मुख्य कारण म्हणजे हवा. दीडशे-दोनशे किलोमीटरवरही अगदी विरळ हवा असते आणि तिच्या घर्षणानंच टप्पा हळूहळू खाली येतो. पण ही हवा एकसारखी नसते. सूर्यावर वादळ झालं की ती तापते, फुगते आणि घर्षण वाढतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच सौर वादळामुळे स्टारलिंकनं नुकतेच सोडलेले ४९ पैकी सुमारे ४० उपग्रह गमावले होते.

दुसरं कारण टप्प्याचं गडगडणं. तो कोलांट्या खात येतो. आडवा असेल तर हवा जास्त अडवते, उभा असेल तर कमी. शिवाय रडार त्याला सतत पाहत नाही, तो डोक्यावरून जाईल तेव्हाच दिसतो. म्हणजे अंदाज ज्या माहितीवर करायचा, तीच थोडी जुनी असते.

सगळं जळून का जात नाही?

८० किलोमीटरच्या आसपास टप्पा फुटायला लागतो आणि त्याचा बराचसा भाग जळतो. पण टायटॅनियमसारखे धातू १,६०० अंशांच्या पुढेच वितळतात. शिवाय पोकळ टाक्या आकारानं मोठ्या आणि वजनानं हलक्या असल्यामुळे उंचावरच त्यांचा वेग कमी होतो आणि त्या वाचतात. साधारणपणे १० ते ४० टक्के वजन जमिनीपर्यंत पोचू शकतं, असं मानलं जातं.

धोका कुणाच्या वाट्याला?

खरी मेख इथे आहे. एका माणसापुरता धोका नगण्य आहे. पण सगळे टप्पे एकत्र मोजले तर चित्र बदलतं. कॅनडातल्या मायकल बायर्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार पुढच्या दहा वर्षांत अशा तुकड्यांमुळे जगात कुणाचा तरी बळी जाण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे. आणि जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर तुकडे पडण्याची शक्यता न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या अक्षांशांपेक्षा सुमारे तिप्पट आहे. सातारा-सांगली १७ अंशांच्या आसपास, म्हणजे या पहिल्या पट्ट्यातच. रॉकेट कुणीही उडवो, धोका विषुववृत्ताजवळच्यांना जास्त.

मे २०२१ मध्ये चीनच्या लाँग मार्च ५बी रॉकेटचा सुमारे २० टनांचा टप्पा मालदीवजवळ समुद्रात पडला. नकाशा उघडून बघा, ती जागा सांगलीच्या जवळपास सरळ दक्षिणेला, साधारण १,६०० किलोमीटरवर आहे.

बोट फक्त चीनकडे दाखवून चालणार नाही. चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचा वरचा टप्पाही १५ नोव्हेंबर २०२३ ला अनियंत्रितपणेच खाली आला, प्रशांत महासागराच्या दिशेनं. त्याच वर्षी जुलैत ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठं नळकांडं सापडलं. ते बहुधा आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं असल्याचं तिथल्या अवकाश संस्थेनं सांगितलं.

यावर उपाय आहे. काम झाल्यावर इंजिन पुन्हा पेटवायचं आणि टप्पा निर्मनुष्य समुद्रात पाडायचा. ७ मार्च २०२३ ला इस्रोनं मेघा-ट्रॉपिक्स-१ हा जुना उपग्रह असाच ठरवून प्रशांत महासागरावर खाली आणला. पण त्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं आणि तेवढं उपग्रहाचं वजन कमी होतं. म्हणजे तुकडा कुठे पडणार हे न कळणं ही निव्वळ विज्ञानाची मर्यादा नाही. पैसे वाचवायचे की धोका, हा निर्णय उड्डाणाआधीच झालेला असतो. इस्रोनं २०३० पर्यंत अवकाशात कचरा न सोडणाऱ्या मोहिमांचं उद्दिष्ट जाहीर केलंय. हाच नियम सगळ्या देशांनी पाळायला हवा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशानं द्यायची असते, पण भरपाई नुकसान झाल्यावरच मिळते.

तुम्हाला दिसलं तर?

आधी ओळखा. उल्का बहुतेकदा एक-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचा टप्पा संथपणे, मिनिटभर किंवा जास्त वेळ दिसतो आणि तुकडे एकामागोमाग एकाच दिशेनं जातात. न जळता, शिस्तीत रांगेनं जाणारे ठिपके असतील तर ते स्टारलिंकचे उपग्रह.

व्हिडिओ काढताना झूम करू नका. फ्रेममध्ये ओळखीची खूण येऊ द्या. साताऱ्यात अजिंक्यतारा, सांगलीत आयर्विन पूल. मूळ फाईल जपून ठेवा, कारण फॉरवर्ड करताना वेळेची नोंद बऱ्याचदा निघून जाते. समजा तुकडा साताऱ्याच्या बरोबर डोक्यावर ८० किलोमीटर उंचीवर आहे. तर सांगलीतून तो वायव्येला, क्षितिजापासून साधारण ३६ अंशांवर दिसेल. दोन्ही शहरांतले एकाच क्षणाचे व्हिडिओ मिळाले की त्यावरून उंची आणि मार्ग काढता येतो. तुमची क्लिप अशी उपयोगी पडू शकते.

आणि शेतात काही पडलेलं सापडलंच, तर हात लावू नका, सेल्फीसाठीसुद्धा नाही. काही रॉकेटांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन असतं. लांबून फोटो काढा, ११२ वर फोन करा, पोलीस किंवा तहसीलदार कार्यालयाला कळवा. भंगारवाल्याला देऊ नका. तो तुकडा कुठल्या देशाच्या कुठल्या रॉकेटचा, याचा पुरावा तोच असतो. भरपाई मागायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच लागेल.