ॲनलॉगचे सोवळे

ॲनलॉग सिंथेसायझरचा आवाज संगणकात घेताना तो वाद्याच्या यूएसबीतून घ्यावा की बाहेरच्या कन्व्हर्टरमधून, या वादाशी साहित्याच्या अभ्यासकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा वाद तंत्राचा कमी आणि शब्दांचा अधिक आहे. आणि शब्दांची झडती घेणे हे आपलेच काम आहे.

यूएसबीच्या विरोधकांचे म्हणणे असे की त्या वाटेने आवाज 'डिजिटल' होतो, त्याची ऊब जाते. बाहेरचा कन्व्हर्टर मात्र 'मूळ' जपतो. हे साफ चूक आहे. ऑसिलेटरमधून निघणारे व्होल्टेज सलग असते आणि संगणकाला केवळ आकडे कळतात. तेव्हा वाद्याच्या पोटात म्हणा की बाहेरच्या पेटीत, त्या व्होल्टेजचे आकडे कुठेतरी करावेच लागतात. शिवाय ती बाहेरची पेटीही बहुधा यूएसबीनेच संगणकाला जोडलेली असते! नळाला नावे ठेवायची आणि पाणी त्याच नळाचे प्यायचे, असे हे सोवळे. कित्येक वाद्यांच्या यूएसबीतून तर आवाज मुळी जातच नाही. कॉर्गच्या मिनीलॉगमधून जातो तो फक्त मिडी, म्हणजे कोणती पट्टी केव्हा दाबली याचा निरोप.

राहता राहिली ऊब. आकड्यांमुळे तरंगाच्या पायऱ्या होतात, ही समजूत क्लॉड शॅनन यांचा १९४९ सालचा निबंध वाचला तरी टिकत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर २२,०५० हर्ट्झच्या आतला तरंग तत्त्वतः संपूर्ण परत उभा करता येतो. चोवीस बिटांची सैद्धान्तिक कक्षा सुमारे १४४ डेसिबल. जुन्या सिंथेसायझरची स्वतःची खरखर त्याच्या कितीतरी आधी कानावर येते.

मग दोन्ही वाटा सारख्याच काय? नाहीत. यूएसबीची सोय खरी आहे. इलेक्ट्रॉनच्या ॲनलॉग फोरच्या पहिल्या आवृत्तीला आवाज बाहेर काढण्यासाठी मुख्य स्टीरिओ जोडीच होती. चारही स्वर एकाच वेळी वेगवेगळे मुद्रित करायचे, तर यूएसबीचाच आधार. पण या सोयीची किंमत असते. आकडे करणारी चिप वाद्याबरोबर कायमची बांधली जाते आणि संगणकाची कार्यप्रणाली बदलली की ड्रायव्हरसाठी उत्पादकाच्या तोंडाकडे पाहावे लागते. आमचा आक्षेप आहे तो या परावलंबनावर.

चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. तेव्हा ती तबकडी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. त्यांची वाद्ये होती रोलँडची: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. यूएसबीचा जन्म १९९६चा. तरीही त्या जातीची वाद्ये आज चालू स्थितीत असली, तर पाव इंची जॅकची एक साधी तार त्यांना आजच्या कोणत्याही कन्व्हर्टरशी जोडू शकते, उद्याच्या अधिक चांगल्या कन्व्हर्टरशीही. वाद्य तेच राहते, नक्कल करणारा बदलता येतो.

पाठचिकित्सा शिकलेल्याला हे निराळे सांगायला नको. प्रत्येक हस्तलिखित ही नक्कलच असते; चिकित्सक विचारतो की नक्कल कोणी केली, कशावरून केली आणि पुन्हा करता येईल का. 'मूळ' या शब्दापुढे हात जोडून उभा राहणारा यातले काहीच विचारीत नाही.

म्हणून आम्ही बाहेरच्या कन्व्हर्टरच्या बाजूचे आहोत, पण उबेसाठी नव्हे. ज्यांना यूएसबी सोयीची वाटते त्यांनी ती खुशाल वापरावी. मात्र मुद्रणाबरोबर एक ओळ लिहून ठेवावी: आकडे कोठे झाले, कोणत्या यंत्रात झाले, सेकंदाला किती नमुन्यांनी झाले. ही एक ओळ पुढच्या अभ्यासकाला ॲनलॉगच्या साऱ्या स्तोत्रांहून अधिक उपयोगी पडेल.