हळदीचं दूध विकायचंय? मग पाकिटावरचा ‘इम्युनिटी’ शब्द आधी खोडा



थंडीची चाहूल लागली की एक प्रश्न मला हमखास येतो. “सर, हळदीच्या दुधाचा मसाला घरी बनवून विकला तर चालेल का?” चालेल. भांडवल कमी, सामान ओळखीचं, आणि गिऱ्हाइकाला पदार्थ समजावून सांगायची गरज नाही. पण व्हिडिओत कृती दाखवण्याच्या नादात एक गोष्ट राहून गेली, ती इथे लिहितोय. काहींना आवडणार नाही.

माझं मत सरळ आहे. हळदीचं दूध औषध म्हणून विकू नका. प्यायला छान लागतं म्हणून विका.

आणि हे कोण सांगतंय? ज्याने २०२० साली बरोबर उलटं सांगितलं होतं, तो. तेव्हाचे दिवस आठवा. आयुष मंत्रालयाने १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एकदा-दोनदा, असा सल्ला दिला होता. अमूल आणि मदर डेअरीने तयार हळदीचं दूध बाजारात उतरवलं. मी वर्गात सांगितलं, तवा तापलाय, पोळी भाजून घ्या. एका ताईंनी माझं ऐकून ३००० पाकिटं छापून घेतली. वर ठळक अक्षरात ‘इम्युनिटी बूस्टर’, खाली ‘सर्दी, खोकला, सांधेदुखीवर रामबाण’. सहा-आठ महिने माल जोरात गेला. मग लोकांच्या मनातली भीती गेली, आणि भीतीबरोबर गिऱ्हाईकही गेलं. चवीसाठी कोणी घेतच नव्हतं ना! वर एका जाणकाराने दाखवून दिलं की असं लेबल छापणंच नियमात बसत नाही. उरलेली कोरी पाकिटं माळ्यावर गेली. पैसे ताईंचे गेले, सल्ला माझा होता.

नियम काय, ते थोडक्यात सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. खाण्यापिण्याचा पदार्थ रोग बरा करतो किंवा रोग होऊ देत नाही, असं त्यानुसार मनाने छापता येत नाही. ‘आम्ही लहान आहोत, आम्हाला कोण विचारतंय’ हा हिशेब करू नका. घरगुती उद्योगालासुद्धा एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, आणि नोंदणी आली की नियमही आले.

पण नियम बाजूला ठेवू. दावा खरा तरी आहे का, ते बघू.

हळदीतला ज्याचा गाजावाजा होतो तो घटक म्हणजे कुरक्युमिन. साध्या हळद पावडरीत तो साधारण ३ टक्के धरा. एका कपात हळद जाते पाऊण ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कुरक्युमिन झालं वीस-पंचवीस मिलिग्रॅम. आता ‘मिरी घातली की हळद वीस पट लागू पडते’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यामागे १९९८ चा बंगळुरूमधला एक अभ्यास आहे. त्यात माणसांना दिलेलं कुरक्युमिन होतं २ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशीएक कप दूध एका बैठकीत! शिवाय त्यात मोजलं काय, तर कुरक्युमिन रक्तात किती उतरलं ते. आजार किती बरा झाला ते नाही. मिरी घाला, जरूर घाला, पण घशाला ऊब देते म्हणून. तुमच्या पाकिटावर विश्वास ठेवून एखाद्याने डॉक्टरकडे जायला आठवडाभर उशीर केला, तर ते ओझं कोणाच्या डोक्यावर?

“मग सर, औषध नाही म्हटलं तर कोण घेणार?” कोजागिरीला मसाला दूध पिताना कोणी विचारतं का, हे कशावर चालतं म्हणून? गच्चीवर बसतात, दोन-दोन ग्लास रिचवतात, उरलेलं दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून पितात. आपलं गिऱ्हाईक ते आहे. २०१६ च्या आसपास लंडन-सिडनीच्या कॅफेंमध्ये ‘टर्मरिक लाटे’ चालायला लागलं, तेही कपात, कॉफीच्या शेजारी. आजारी माणूस बरा झाला की येणं बंद करतो. ज्याला चव आवडली तो पाकीट संपायच्या आत फोन करतो.

आता चव. इथेच बहुतेकांचा माल मार खातो, म्हणून जरा थांबतो. घरचं हळदीचं दूध मुलं नाक मुरडून पितात, त्याचं कारण हळद कच्ची राहते. उकळत्या दुधावर हळद भुरभुरायची आणि लगेच गॅस बंद, असं करतात. हळद आधी दोन चमचे पाण्यात कालवा, चमचाभर तुपावर क्षणभर परता, मग दूध ओता आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळू द्या. कच्चा वास जातो. ताजं आलं थेट दुधात टाकलं तर दूध फाटू शकतं, त्यामुळे मसाल्यात सुंठच बरी. गूळ हवा असेल तर भांडं खाली उतरवून, दूध जरा निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला आणि दूध नासलं, तर गिऱ्हाईक तुमच्या मसाल्यालाच नावं ठेवणार, म्हणून पाकिटावर ‘रामबाण’ लिहायच्या जागी ही कृती छापा.

माझं प्रमाण असं: हळद ५० ग्रॅम, सुंठ १५, दालचिनी १५, मिरी ५, वेलदोडे ५ आणि अर्धं जायफळ. नव्वदएक ग्रॅम मसाला होतो. कपाला अर्धा छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम धरला, तर साठेक कप. जायफळाला हात आवरा, जास्त झालं की दूध कडवट होतं. केशराच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, हळदीच्या रंगापुढे ते दिसतही नाही.

हळद मात्र अख्खी हळकुंडं घेऊन दळून घ्या. तयार पावडरीत रंग मिसळलेला असू शकतो, आणि भेसळीचा शिसं असलेला पिवळा रंग ही चेष्टा नाही. साधी चाचणी घरी होते. ग्लासभर पाण्यात चमचाभर पावडर टाका. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं करते, पाणी गडद पिवळं झालं तर ती हळद घेऊ नका. आपल्याकडे तर हळदीला तोटा नाही. सांगलीची हळद, वर्ध्याकडची वायगावची हळद, हिंगोलीची वसमत हळद, तिघींनाही भौगोलिक मानांकन आहे. नवी हळद उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात येते. वर्षाचा माल तेव्हाच बघून ठेवा. आणि जे गाव पाकिटावर लिहाल, तिथलीच हळद आत असू द्या.

दळणाची एक गंमत सांगतो. गंमत आता वाटते. एका बॅचचं दूध प्यायला आणि घसा जळाला. मिरी जास्त झाली म्हणून आम्ही तीनदा वजन तपासलं. शेवटी कळलं की कांडपावर आमच्या आधी कोणाची तरी मिरची कुटली होती! तेव्हापासून आधी मूठभर तांदूळ फिरवून घेतो, ते पीठ टाकून देतो, मग आपला माल. शक्यतो सकाळचा पहिला नंबर लावा. दळण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. आणि पारदर्शक पाकीट कितीही देखणं दिसलं तरी नको, उजेडात हळद फिकी पडते.

किमतीचं बघा. वेलची वजनाला ५ ग्रॅम, पण माझ्या हिशेबात ती ५० ग्रॅम हळदीपेक्षा महाग पडली. तुमच्या बाजारचे भाव घालून वहीत मांडा. त्यात कांडपाची मजुरी, पाकीट, लेबल, वाया गेलेला माल आणि तुमचे स्वतःचे तास धरा. हे तास बायका हमखास विसरतात. “घरचंच तर आहे,” म्हणतात. घरचं असलं तरी हात तुमचेच दुखतात ना?

पाकिटं छापायच्या आधी ३० रात्री घरी हे दूध करा. रोज एक कप शेजारी द्या, वेगवेगळ्या घरी. छान आहे का, असं विचारू नका. तोंडावर सगळे छानच म्हणतात. परत मागायला कोण आलं, तेवढं लिहून ठेवा.

त्या ताई अजून मसाला करतात. कोजागिरीला सुरुवात, संक्रांतीपर्यंत जोर, मग उन्हाळ्यात थोडा थंड दुधासाठी. नव्या पाकिटावर एवढंच आहे: ‘रात्रीच्या दुधाचा मसाला’. जुनी पाकिटं त्यांनी फेकली नाहीत. मी घरी गेलो की माळ्याकडे बोट दाखवतात, आणि मग चहाऐवजी हळदीचंच दूध पुढे ठेवतात.