बग मधल्या लेयरमध्ये

मागच्या वर्षी जवळजवळ तीन महिने मी रोज सकाळी साडेनऊला घरी फोन करून "पोचलो ऑफिसला" असं सांगत होतो. कुठलं ऑफिस न् कुठलं काय! प्रोजेक्ट संपलं, बेंचवर बसलो आणि एका गुरुवारी एचआरने बोलावून राजीनामा लिहून घेतला. फोन मी कोथरूडच्या फ्लॅटवरून, गादीवर पडल्या पडल्या करायचो. तिकडे सोलापुरात बाबा निश्चिंत होऊन आपल्या कामाला लागायचे.

नोकरी गेल्याचं वाईट वाटणारच. पण माझं त्याहून भलतंच काहीतरी झालं होतं. जवळच्या मित्राच्या साखरपुड्याला गेलो नाही, कारण कुणीतरी "सध्या कुठे?" विचारणार. आपण ओळख करून देताना आधी नाव आणि लगेच कंपनी सांगतो ना, तर माझं ते वाक्य अर्धंच राहिलं होतं.

शेवटी ताईने हट्टाने एका काउन्सेलरकडे पाठवलं. तासाला हजार रुपये, तेही बेकार माणसाला! पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात मिनिटाचा रेट काढत बसलो होतो (सोळा रुपये सहासष्ट पैसे). वाटलं, मॅडम आता "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणणार. ते तर मावशी व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट सांगते.

पण त्यांनी दिला चक्क गृहपाठ. वहीत तीन रकाने : काय घडलं, तेव्हा मनात काय आलं, मग काय वाटलं. ही पद्धत अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९५५ च्या सुमारास त्याने सुरू केलेली. मला लगेच पटली, कारण हे सरळसरळ डीबगिंग आहे. माझ्या रूममेटलाही त्याच महिन्यात नारळ मिळाला होता. तो दोन दिवस झोपला, मग हरिश्चंद्रगडावर जाऊन आला आणि रिझ्युमे पाठवायला लागला. इनपुट सेम, आउटपुट वेगळं. म्हणजे बग मधल्या लेयरमध्ये! माझ्या मधल्या रकान्यात रोज तीच ओळ यायची, "मी कामाचा नाही."

गंमत म्हणजे हा एलिस सेल्फ-एस्टीमच्याच विरोधात होता. २००५ साली त्याने 'द मिथ ऑफ सेल्फ-एस्टीम' नावाचं पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं, कामाला मार्क द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका, ना चांगले ना वाईट. आता दर एप्रिलमध्ये एक ते पाचच्या पट्टीवर मोजून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड आहे. पण ज्या वर्षी मला टॉपचं रेटिंग मिळालं आणि मी महिनाभर हवेत होतो, तेव्हाही हाच बग चालू होता. आउटपुट गोड होतं, म्हणून कुणी तिकीट लॉग केलं नाही, एवढंच.

"मित्रांशी बोललास तरी चाललं असतं की" असं बरेच जण म्हणतात. बोललो होतो ना! मित्रांनी माझ्या बाजूने एचआरला यथेच्छ शिव्या दिल्या, दोन तास झकास गेले. मधल्या रकान्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. त्यांचं ते कामही नाही.

थेरपीने नोकरी मिळत नाही, हेही सांगून टाकतो. ती पुढे रेफरलने मिळाली. आणि हजार रुपये प्रत्येकाला जमतील असंही नाही. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. झोपच उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही वगैरे नंतर, आधी तो फिरवा किंवा सरळ सायकिअ‍ॅट्रिस्ट गाठा.

सातव्या सेशननंतर जिना उतरता उतरता बाबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पीएफला हात लावू नकोस."