'विविध' या विशेषणाचा अर्थ : नभोवाणीचे कार्यक्रम आणि आपला वाङ्मयाभ्यास

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नभोवाणीला जी जागा मिळते ती बहुधा नाटकाच्या प्रकरणातील एखाद्या परिच्छेदापुरती असते. 'श्रुतिका' किंवा 'नभोनाट्य' असा शब्द येतो, दोनचार लेखकांची नावे येतात आणि इतिहासकार पुन्हा रंगभूमीकडे वळतो. भाषणे, रूपके, संगीतिका, कौटुंबिक संवादमालिका, शेतकऱ्यांसाठी योजलेल्या गप्पा, मुलांच्या गोष्टी, पत्रोत्तरे, निवेदने असा प्रचंड मजकूर कित्येक दशके रोज लिहिला गेला, रोज वाचला गेला आणि हवेत विरून गेला. त्याला वाङ्मय म्हणावे की नाही, हा प्रश्नसुद्धा आपण पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. येथे तो विचारावयाचा आहे, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आकाशवाणीच्या कार्यक्रमांची विविधता हा तसा कौतुकाने उच्चारला जाणारा विषय. तेवीस भाषा, एकशे एकोणऐंशी बोली, 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे ब्रीद, ही माहिती स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकातही सापडते. परंतु विविधता म्हणजे कार्यक्रमांची संख्या नव्हे. शंभर कार्यक्रम एकाच स्वरात, एकाच श्रोत्याला उद्देशून बोलत असतील तर तेथे विपुलता असेल, विविधता नसेल. मुंबई केंद्राच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकेतील नावे पाहावीत. 'कामगार सभा', 'वनिता मंडळ', 'बालदरबार', 'युववाणी', 'आपली आवड'. यांतील बहुतेक नावे विषयाची नाहीत, श्रोत्यांची आहेत. कोणाशी बोलावयाचे हे आधी ठरले, काय बोलावयाचे ते मागाहून. मुद्रित वाङ्मयात, निदान आपल्या मध्यमवर्गीय मासिकांच्या जगात, असे क्वचितच घडले. तेथे लेखक स्वतःसारख्याच वाचकाला गृहीत धरीत असे.

या वर्गवारीत एक पालकभाव होता, हे नाकारण्याचे कारण नाही. 'वनिता मंडळ' दुपारी घरी असणारी स्त्री गृहीत धरीत होते. अंधेरीच्या कारखान्यात पाळीवर जाणारी स्त्री त्या गृहीतकात बसत नव्हती. 'कामगार सभा' गिरणगावाला समोर ठेवून सुरू झाली, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगावच विसकटले. तरीही 'तू कोण आहेस' हा प्रश्न श्रोत्याला विचारणारे माध्यम आणि 'तू काय विकत घेशील' एवढेच विचारणारे माध्यम यांत जो फरक आहे तो वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी दृष्टिआड करू नये. भाषेचा पोत त्या प्रश्नाने बदलतो.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले; कंपनी तीन वर्षांत बुडाली, व्यवहार सरकारकडे आला, आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात अवघी सहा केंद्रे होती, त्यांपैकी मुंबई एक. नागपूर १९४८ साली आले, पुणे १९५३ साली. (इंग्रजी नाव कारभारातून पूर्णपणे काढून सर्वत्र 'आकाशवाणी' हेच वापरावे असा आदेश २०२३ साली निघाला. मराठी श्रोत्याला त्यात नवे काही वाटले नसावे. तो केव्हापासूनच तसे म्हणत होता.)

आता वाङ्मयाकडे. बा. सी. मर्ढेकर आपल्या नोकरीचा मोठा काळ नभोवाणीत होते, ही माहिती प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थी मर्ढेकरांच्या चरित्रात लिहितो आणि पुढे जातो. 'कर्ण', 'बदकांचे गुपित' या त्यांच्या संगीतिकांचा उल्लेखही सूचीपुरता होतो. मर्ढेकरांच्या कवितेचा विचार आपण महायुद्ध, यंत्रयुग, महानगर, संतकवितेचे छंद आणि इंग्रजी आधुनिक कविता या संदर्भांत करतो. ध्वनिक्षेपकासमोर रोज काम करणाऱ्या माणसाचा कान या संदर्भात तो फारसा झालेला दिसत नाही. वस्तुतः ज्या समीक्षकाने सौंदर्याच्या मुळाशी लय शोधली, संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर आपली मांडणी उभी केली, त्याच्या हाताखाली दिवसभर निव्वळ ध्वनीच जात होता. दृश्य नाही, हावभाव नाही, नेपथ्य नाही. केवळ आवाज, शांतता आणि त्यांचे कालमान. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापुढे नाही. पण ज्यांच्या कवितेत अक्षरे तुटतात, ध्वनिवाचक शब्द आशयाचे काम करतात, त्यांच्या संगीतिका कवितेच्या शेजारी ठेवून कोणी वाचल्या तर 'काही कविता' (१९४७) या संग्रहाविषयी काही नवे हाती लागण्याचा संभव आहे. लघुप्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरे उदाहरण सर्वपरिचित आहे, आणि परिचयामुळेच ते नीट पाहिले जात नाही. 'गीतरामायण' पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी सुरू झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत चालले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी सीताकांत लाड यांची योजना. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या छप्पन्नापर्यंत गेली असे सांगतात. म्हणजे या काव्याची लांबी पंचांगाने आणि प्रसारणाच्या वेळापत्रकाने ठरविली! आपण 'गीतरामायणा'ची चर्चा भक्तिकाव्य म्हणून, गेय काव्य म्हणून, वाल्मीकींशी तुलना करून करतो. परंतु प्रत्येक गीत एका पात्राच्या मुखी का आहे, प्रत्येक गीत स्वतंत्रपणे पुरे का आहे, मागचा आठवडा चुकलेल्या श्रोत्यालाही ते का उमगते, या प्रश्नांची उत्तरे वाल्मीकींकडे नाहीत. ती माध्यमाकडे आहेत. कीर्तनकाराला समोरचा श्रोता दिसतो, त्याला कंटाळा आलेला कळतो. येथे कवीला श्रोता दिसत नव्हता, फक्त पुढचा आठवडा दिसत होता.

त्याच पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकरांनी दीर्घकाळ काम केले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. खेडुतांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, चर्चा करावी, आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ती रचना होती. तिचे मूल्यमापन टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होते. समाजशास्त्रज्ञांनी त्यावर पुस्तक लिहिले. मराठीच्या अभ्यासकाने मात्र त्या कार्यक्रमांत कोणती मराठी बोलली गेली, प्रमाणभाषा किती आणि बोली किती, हे तपासल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ग्रामीण साहित्यावर एवढी चर्चा करणाऱ्या आपल्याला ग्रामीण श्रोत्याशी बोलली गेलेली भाषा अभ्यासाविना राहिल्याचे काही वाटू नये, हे थोडे चमत्कारिक आहे.

'पुन्हा प्रपंच' ही मालिका मुंबईकरांना अधिक जवळची. बाळ कुरतडकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी हे आवाज घराघरांत नातेवाइकांसारखे वावरले. तिच्यातील जग मर्यादित होते. त्या घरात दुष्काळ, जात, संप यांचे आवाज क्वचितच मोठे होत. साठोत्तरी साहित्याने ज्या पांढरपेशा सुरक्षिततेवर आघात केला तिचाच हा श्राव्य अवतार, असे कोणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही. परंतु मराठी संभाषणाची लकब, अर्धे सोडलेले वाक्य, टोमणा, विषयांतर यांचा इतका दीर्घ आणि अखंड नमुना कादंबरीतही सापडणे कठीण. भाषाभ्यासकाला गुणदोषांपूर्वी नमुना हवा असतो, आणि तो किती शिल्लक आहे हीच शंका आहे. आरंभीच्या दशकांत बरेचसे प्रसारण थेट होत असे. ध्वनिफिती महाग, त्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती.

आता आपल्या उपनगरांविषयी. मुंबई केंद्राचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक मालाडच्या मालवणीत उभे राहिले, आणि विविध भारतीसाठी देशभरच्या श्रोत्यांनी वर्षानुवर्षे पाकिटावर लिहिलेला पत्ता बोरिवलीच्या गोराई रस्त्याचा होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी जन्मलेल्या या सेवेची कथा प्रसिद्ध आहे. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, श्रोता रेडिओ सिलोनकडे गेला, आणि त्याला परत आणण्यासाठी 'पंचरंगी कार्यक्रम' योजावा लागला. पंडित नरेंद्र शर्मांनी त्याला दिलेल्या नावातच 'विविध' हे विशेषण आहे. केसकरांची सोवळी अभिरुची आज हास्यास्पद वाटते, पण चित्रपटगीताची जागा भरण्यासाठी सुगम संगीताला जे उत्तेजन मिळाले त्याचा लाभ मराठी भावगीताला झाला, ही बाजूही नोंदवली पाहिजे. मुंबई केंद्रावर यशवंत देवांसारखा संगीतकार आणि मंगेश पाडगावकरांसारखा कवी नोकरीला असणे, ही गोष्ट मराठी कवितेच्या प्रसाराच्या इतिहासात एखाद्या नियतकालिकाहून कमी महत्त्वाची नाही.

गोराई रस्त्यावरून देशाला ऐकू जाणारी भाषा हिंदी, आणि त्या रस्त्यावरच्या घरांत बोलली जाणारी भाषा बहुधा मराठी किंवा गुजराती. मला यात तक्रार करावयाची नाही. राष्ट्रीय सेवेला एक संपर्कभाषा लागते. तक्रार वेगळी आहे. २००२ पासून मुंबईत खासगी एफ. एम. वाहिन्या आल्या, आणि वाहिन्यांची संख्या वाढत असता बोलण्याची तऱ्हा मात्र एकच होत गेली. मुलुंडहून गाडीत चढलेला विद्यार्थी कानाला यंत्र लावतो आणि घाटकोपर, दादर ओलांडून उतरेपर्यंत कोणत्याही वाहिनीवर तेच गीत, तीच घाई, तीच हिंग्लिश ऐकतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. ती मालमत्ता भाड्याने देताना भाडेकरूने कोणाशी, कोणत्या भाषेत बोलावे याविषयी आपण, म्हणजे भाषेचे अध्यापक म्हणविणाऱ्यांनी, काही म्हटल्याचे आठवत नाही.

आणि सार्वजनिक माध्यम स्वतः तरी काय करीत आहे? जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. काटकसर हे अशा निर्णयांमागील नेहमीचे कारण असते आणि त्यात तथ्यही असते. परंतु केंद्रे एकत्र आली की आधी बोली जातात, मग स्थानिक लेखक जातो, आणि शेवटी पत्रिकेवर नावे तीच राहून आवाज एकच उरतो. आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे, ज्याला हवे ते तो ऐकतो, मग सार्वजनिक विविधतेची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. त्यातील गृहीतक असे की, श्रोत्याला आपल्याला काय हवे ते आधीच ठाऊक असते. चित्रपटगीताची वाट पाहणाऱ्याच्या कानी मध्येच एखादे भाषण पडावे, कामगाराने मुलांची गोष्ट ऐकावी, गृहिणीने बातम्यांपाठोपाठ ख्याल ऐकावा, हा अपघात निवडीच्या स्वातंत्र्यात घडत नाही. आपल्यापैकी अनेकांना अभिजात संगीत आणि नवी कविता अशाच अपघाताने भेटली.

विद्यापीठाच्या मराठी विभागांना येथे करण्यासारखे बरेच आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात २००८ साली समुदाय नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा साधनांची सबब पूर्वीइतकी खरी नाही. अभ्यासक्रमात एकांकिकेला जागा आहे, ललित निबंधाला आहे. श्रुतिका आणि नभोवाणी-भाषण यांना एका प्रश्नपत्रिकेचा अर्धा भाग मिळण्यास हरकत नसावी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आकाशवाणीसाठी लिहिणारे, वाचणारे, निवेदन करणारे कितीतरी लोक निवृत्त होऊन राहिले. त्यांच्या कपाटांत टंकलिखित संहितांच्या प्रती, कराराचे कागद, श्रोत्यांची पत्रे असण्याचा संभव आहे, आणि घर बदलताना सर्वप्रथम बाहेर जातात ते हेच कागद. संशोधन समितीपुढे असा विषय आला की 'मूळ संहिता कोठे आहेत?' हा पहिला प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण त्यासाठी विषय नाकारण्याऐवजी संहिता शोधून त्यांची सूची करणे हेच पहिल्या पीएच. डी. प्रबंधाचे काम म्हणून मान्य करावे, आणि ते काम पुढच्या शैक्षणिक वर्षाची वाट न पाहता सुरू करावे.