डोळ्याच्या पडद्याचा उपचार झाला, आता घरी पथ्य कशाचं?

डोळ्याच्या पडद्याची तपासणी किंवा उपचार करून माणूस घरी आला की घरात पथ्य सुरू होतं. टीव्ही बंद, मोबाइल बंद, दही-लिंबू बंद आणि महिनाभर काळा चष्मा. माझं स्पष्ट मत आहे की यातलं बरंचसं पथ्य मोतीबिंदूच्या जुन्या, मोठ्या टाक्यांच्या ऑपरेशनच्या काळातलं आहे. ते कसोशीनं पाळलं जातं आणि नजर वाचवणारं पथ्य मात्र राहून जातं.

माझगावातले अनेक मधुमेही पडद्याच्या उपचारासाठी भायखळ्याला जे. जे. मध्ये किंवा परळला केईएममध्ये जातात. उपचार तिथे होतो, पण संध्याकाळच्या शंका फॅमिली डॉक्टरकडे येतात. म्हणून हे लिहितो आहे.

तपासणीच्या दिवशी

ओसीटी तपासणीत इंजेक्शन नसतं, त्यामुळे वेगळी काळजी लागत नाही. अँजिओग्राफीत मात्र हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग सोडतात. त्यानंतर काही तास कातडी पिवळसर दिसते आणि दीड दिवसापर्यंत लघवी गडद पिवळी किंवा नारिंगी होते. ही कावीळ नाही. किडनी तो रंग बाहेर टाकते आहे, एवढंच. पाणी प्या, किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती मोडू नका. पुढच्या दोन दिवसांत रक्त-लघवी तपासायची असेल, तर लॅबमध्ये या रंगाबद्दल सांगा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, तर घरी वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम साधारण चार ते सहा तास राहतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. उजेड डोळ्यांवर येतो, जवळचं धूसर दिसतं. काळ्या चष्म्याचा उपयोग आहे तो एवढ्या वेळेपुरता. त्या दिवशी दुचाकी चालवू नका. डॉकयार्ड रोड स्टेशनचा जिना एकट्यानं उतरू नका, सोबत कुणाला तरी न्या. सकाळी उपाशी राहून साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं असेल, तर चक्कर डोळ्यामुळे नव्हे, साखर उतरल्यामुळे आलेली असू शकते.

आणखी एक. त्या रात्री डोळा खूप दुखला, डोकं दुखून उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, तर पित्त समजून गोळी घेऊ नका. डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो आणि त्याला लगेच उपचार लागतो.

लेझर किंवा इंजेक्शननंतर

लेझरनंतर दोन-चार दिवस नजर मंद वाटते आणि डोळा ठणकतो. डोळ्यातल्या इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी खुपतं, पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो, नजरेसमोर बुडबुडे तरंगतात. बुडबुडे एक-दोन दिवसांत आणि लाल डाग एक-दोन आठवड्यांत जातो. डोळा चोळू नका आणि काही दिवस नळाचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. डोक्यावरून आंघोळ टाळायची ती एवढ्याचसाठी. टीव्ही पाहिल्यानं किंवा ताक प्यायल्यानं पडदा बिघडत नाही.

मात्र पहिल्या आठवड्यात दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लाली वाढली, नजर खाली गेली, तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर पडदा सुटत असू शकतो. या दोन्ही वेळी त्याच दिवशी जा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका, मेडिकलवरून थेंब आणून घालू नका.

ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेली मानेची स्थिती सांभाळणं हाच उपचार आहे. गॅस जिरेपर्यंत विमानप्रवास नाही. गाव साताऱ्याकडे असेल तर घाट चढण्याआधीही विचारा, कारण उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. दात काढायचा असो वा दुसरं ऑपरेशन, तिथल्या डॉक्टरांना डोळ्यात गॅस असल्याचं सांगा.

खरं पथ्य

मधुमेही डोळ्याचं खरं पथ्य तीन गोष्टींचं आहे: साखर, रक्तदाब आणि पुढची तारीख.

‘डॉक्टर, एवढं केलं, पण काही फरक नाही,’ हे वाक्य मी नेहमी ऐकतो. पुढची तारीख इथेच चुकते. लेझर हे नवी नजर देण्यासाठी नसतं, आहे ती टिकवण्यासाठी असतं. पडद्यावर वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून नजर जाण्याचा धोका लेझरनं निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं 1976 मध्येच दाखवलं. इंजेक्शननं सूज उतरते, पण बऱ्याच जणांत औषधाचा असर महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो. म्हणून एका इंजेक्शननं काम भागत नाही. ‘फरक नाही’ म्हणून थांबलात, तर पुढचा फरक वाईट असेल.

एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला मुलाला सुट्टी काढावी लागते, हे मला माहीत आहे. म्हणून उपचार करणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. कोणत्या डोळ्याला काय केलं, पुढे कधी यायचं, त्रास झाला तर कुठे फोन करायचा, या तीन ओळी पेशंटला मराठीत लिहून द्या. पेशंटनं त्या मागून घ्याव्यात. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या घरातल्या एकानं ती तारीख सांभाळावी.

टीव्ही लावा, दही खा. तो कागद मात्र हरवू नका.