विश्लेषण : तेजीत उधळण, मंदीत काटकसर... विकसनशील देशांचे गणित उलटे का?

मंदीत सरकारने हात सैल सोडावा आणि तेजीत आखडता घ्यावा, असे अर्थशास्त्र सांगते. अनेक विकसनशील देशांत मात्र नेमके उलटे घडते. चिलीने हे चक्र मोडून दाखवले. नायजेरियाला ते जमले नाही. यातून भारताने काय शिकावे?

उलटे चक्र म्हणजे काय?

तेजीत करवसुली वाढते. त्या जोरावर सरकार नव्या योजना, वेतनवाढ, अनुदाने जाहीर करते. मंदी आली की महसूल आटतो, पण वेतन आणि अनुदाने कमी करता येत नाहीत. मग रस्ते, पाटबंधारे, शाळांच्या इमारती यांवरील खर्चाला कात्री लागते. म्हणजे लोकांना आधाराची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच सरकार मागे हटते आणि मंदी आणखी खोल होते.

हे का घडते?

ग्राशिएला कामिन्स्की, कार्मेन राइनहार्ट आणि कार्लोस वेग या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये १०४ देशांच्या आकडेवारीचा अभ्यास मांडला. विकसनशील देशांत परकीय भांडवल आणि सरकारी खर्च दोन्ही तेजीतच वाढतात, असे त्यात दिसले. कर्ज देणारे चांगल्या काळात दारात उभे असतात आणि संकटात पाठ फिरवतात. शिवाय तेल किंवा तांबे अशा एखाद्याच वस्तूवर महसूल अवलंबून असेल, तर त्यातील चढउतार तीव्र असतात. तिसरे कारण राजकीय : तिजोरी भरलेली दिसली की प्रत्येकाला वाटा हवा असतो.

चिलीने काय केले?

तांबे उत्पादनात जगात अव्वल असलेल्या चिलीने २००१ च्या अर्थसंकल्पापासून एक नियम लागू केला. सरकारचा खर्च त्या वर्षीच्या प्रत्यक्ष महसुलावर नव्हे, तर तांब्याचा दीर्घकालीन भाव आणि अर्थव्यवस्थेचा सर्वसाधारण वेग गृहीत धरून येणाऱ्या महसुलावर ठरवायचा. हे दोन्ही अंदाज अर्थमंत्री नव्हे, तर स्वतंत्र तज्ज्ञांच्या समित्या देतात. भाव अंदाजाच्या वर गेला, तर वरचा पैसा शिलकीत. २००६ मध्ये याला कायद्याचे बळ मिळाले आणि स्थैर्य निधी उभा राहिला.

लोकांनी हे स्वीकारले का?

सहजासहजी नाही. २००८ च्या मध्यास तांब्याचा भाव पौंडाला चार डॉलरच्या घरात होता. तरीही अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को पैसे बाहेर काढेनात. विद्यार्थी, कामगार रस्त्यावर उतरले; सरकारची लोकप्रियता घसरली. वर्षअखेरीस भाव दीड डॉलरखाली कोसळला, तेव्हा निधीत २० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम होती. २००९ च्या आरंभी सरकारने चार अब्ज डॉलरचे मदत पॅकेज जाहीर केले. त्यात गरीब कुटुंबांना रोख मदत होती, सार्वजनिक कामेही होती. त्यासाठी परदेशी कर्जदात्यांकडे हात पसरावे लागले नाहीत. टीकेचे धनी झालेले वेलास्को वर्षभरात लोकप्रिय ठरले. पुढे मात्र सरकारांनी उद्दिष्टे सैल केली आणि करोनाकाळात निधीचा मोठा भाग संपला.

नायजेरियात कुठे बिनसले?

नायजेरियानेही २००४ मध्ये तेलाचे जादा उत्पन्न साठवणारे खाते उघडले. २००८ पर्यंत त्यात सुमारे २० अब्ज डॉलर जमले. पण खात्याला पक्का कायदेशीर पाया नव्हता. राज्यघटनेनुसार हा महसूल केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्थांत वाटायचा असल्याने राज्यांच्या गव्हर्नरांनी खात्यालाच न्यायालयात आव्हान दिले. संकटात खाते रिकामे झाले, हे समजण्यासारखे आहे. पण नंतर तेल शंभर डॉलरच्या वर असतानाही ते पुन्हा भरले गेले नाही. २०१४ पासून भाव कोसळले तेव्हा हाताशी फारसे काही नव्हते. २०१६ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे दीड टक्क्याने आक्रसली.

भारताचे काय?

भारतात २००३ चा वित्तीय उत्तरदायित्व कायदा आहे. मात्र त्यात तुटीचे उद्दिष्ट जीडीपीच्या तीन टक्क्यांवर ठेवले गेले; तेजी-मंदीचा वेगळा हिशेब नाही. तेजीत महसूल वाढला की तूट आपोआप घटते आणि शिस्त पाळल्याचा आभास होतो. २००८-०९ मध्ये केंद्राची तूट सहा टक्क्यांवर गेली. ती मागे घेण्यास उशीर झाला आणि महागाई भडकली. राज्यांची अडचण अधिक मोठी. कर्जाची मर्यादा राज्याच्या उत्पन्नाशी बांधलेली असल्याने मंदीत त्यांचा भांडवली खर्च आधी कापला जातो.

एन. के. सिंह समितीने २०१७ मध्ये कर्जाची कमाल मर्यादा, संकटासाठी मर्यादित सवलत आणि स्वतंत्र वित्तीय परिषद सुचवली होती. पहिल्या दोन गोष्टी कायद्यात आल्या, परिषद नाही. चिलीचा अनुभव पाहता तिसरीच गोष्ट कळीची ठरते. ‘सध्या दिवस चांगले आहेत, आता बचत करा’ हे सांगण्याचे काम खर्च करणाऱ्यावरच सोपवले, तर तो दिवस कधीच उजाडत नाही.